पुसायच्या आधी

६ ऑगस्ट २०२५, बुधवार

गुलाबसिंग आज कॉलेजात आला. स्टाफरूमच्या दारात उभा राहून ओरडला — "माझ्या मायचं रडणं फाट्यावर वाजून राहिलं! लोकं चहा पिऊन राहिले अन् ऐकून राहिले!"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

त्याची आई जमनाबाई. ऐंशीच्या पुढची. जूनपासून दर रविवारी मी तिच्या तांड्यावर जाते आणि तिचे ढावलो मोबाइलवर भरून घेते; आतापर्यंत आठ झाले. सासरी निघालेली आमची लमाणांची मुलगी एकेकीच्या गळ्यात पडून जे रडत म्हणते, ते ढावलो. आता मुली म्हणत नाहीत. आता डीजे असतो. सगळे ढावलो येणारी जमनाबाई एकटीच उरली आहे. तिची अट एकच होती — "बाईमाणसाच्या बाहेर जाऊ देऊ नगं." मी हो म्हटलं होतं.

तो आवाज वारंगा फाट्यावर, बालाजीच्या मोबाइलच्या दुकानात, मोठ्या स्पीकरवर वाजला.

मी कुणालाही पाठवलेला नाही. शपथ! पण शपथ घ्यायची कुणापुढे?

७ ऑगस्ट

फाट्यावर जाऊन आले. कळलं.

हा फोन मी बालाजीकडूनच घेतला होता. चालू त्यानंच करून दिला. "मॅडम, तुमी काहून तकलीफ घेता? मी समदं टाकून देतो ना." त्यानं टाकला तो स्वतःचा ईमेल. स्वतःचा पासवर्ड. सगळ्या गिऱ्हाइकांना तोच टाकतो — लोक पासवर्ड विसरतात आणि मग त्याच्याशी भांडायला येतात म्हणून! ट्रकवाले, शिरड शहापूरचे दोन शिक्षक, तांड्यातल्या बायका, मी. सगळे एकाच खात्यात. फोन आपणहून सगळं वर, त्या खात्यात पाठवतो. दुकानातला त्याचा टॅब त्याच खात्यावर चालतो.

"गाणं आलं, चांगलं वाटलं, लावलं. तुमचं हाय हे ठाव न्हवतं मॅडम. विठ्ठलाची आण."

तो खोटं बोलत नव्हता. त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना.

मग मान खाली घालून म्हणाला — "शेवटी आजी नुसतीच बोलती ना. ते बी वाजलं."

शेवटी? आठवं, शेवटचं गाणं संपलं तेव्हा मी पाणी आणायला उठले होते. फोन चालूच राहिला. ती एकटी काही बोलली असणार. काय, ते मला माहीत नाही. मी ते अजून ऐकलेलं नाही. फाट्यावरच्या लोकांनी ऐकलं.

त्याच्या टॅबवरचं त्यानं माझ्यासमोर पुसलं. मी आठही गाणी फोनवर उतरवून घेतली, वरची काढली, ते खातं फोनमधून काढलं. आठवं उघडलं नाही. आता कोणत्या तोंडानं ऐकू?

१० ऑगस्ट, रविवार

तांड्यावर गेले. गुलाबसिंगची बायको पारुबाई हिनं पाणी दिलं. "सासूबाई न्हाई बोलायच्या आज."

जमनाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी सगळं सांगितलं — ईमेल, खातं, टॅब. माझं मलाच ते पोकळ वाटलं. शेवटी ती पाठमोरीच बोलली, एवढंच —

"हरिचंद नायकाची लेक म्हणून गायले मी."

हरिचंद नायक म्हणजे बाबा. जाऊन चार वर्षं झाली. जमनाबाईचं माहेर आमचाच तांडा. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

१४ ऑगस्ट

फिजिक्सचे प्रेमानंद सर. कुणाशी फार बोलत नाहीत. आज डबा खाता खाता म्हणाले, "तुमचा फोन चुगलखोर आहे. चुगलखोर नसलेलेही असतात."

स्वतःचा दाखवला. साधाच. आतली प्रणाली मात्र वेगळी — नाव फर्न. कुठल्या कंपनीची नाही. वेगवेगळ्या देशांतली माणसं आपापल्या घरी बसून लिहितात आणि कुणालाही घेऊ देतात. तिला खातं लागत नाही. ती वर काही पाठवत नाही. विचारल्याशिवाय माइकला हात लावू देत नाही.

"त्यांना काय मिळतं?" मी विचारलं.

"भांडणं," सर म्हणाले. "फार भांडतात."

माझ्या फोनचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे. नशीब.

फर्न म्हणजे नेचा. आमच्या तांड्याच्या आसपास मी कधी पाहिलेला नाही.

१७ ऑगस्ट

त्यांच्या चर्चेच्या पानावर नाव नोंदवलं. खरं नाव मागत नाहीत! हे आवडलं. मी 'आठ' असं घेतलं.

इंग्रजीत अकरा प्रश्न विचारले. पहिलं उत्तर केस्ट्रल नावाच्या माणसाचं. प्रमुखांपैकी आहे म्हणे. दोन वाक्यं — "पान वाचा. मग विचारा."

दुसरं ओटमील नावाच्या माणसाचं. अकराही प्रश्नांची उत्तरं, ओळीनं. शेवटी लिहिलं — "अशा फोनची गरज का पडली हे सांगायची जबरदस्ती नाही. पण सांगावंसं वाटलं तर आम्ही ऐकतो." मी थोडक्यात सांगितलं. जमनाबाईचं नाव न घेता. त्यानं पायऱ्यांची यादी करून दिली. क्रमानं. मी विचारलं, हाच क्रम ना? म्हणाला, हाच.

कोण, कुठला, बाई की पुरुष — माहीत नाही. इतक्या लांबून एवढा वेळ कोण देतं?

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी प्रेमानंद सरांच्या कॉम्प्युटरवर बसले. यादीप्रमाणे गेले. नवी प्रणाली घालण्याआधी उघडावं लागतं ते फोनचं मूळ कुलूप उघडलं.

ते उघडताना फोन स्वतःला पुसून टाकतो. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून.

यादीत हे नव्हतं.

२५ ऑगस्ट

आठही गेली.

२७ ऑगस्ट

सर म्हणाले, "चूक माझी. मला वाटलं तुम्ही कॉपी घेतली असेल." मी म्हटलं, "मला वाटलं कॉपी ठेवणं हाच गुन्हा होता." म्हणून तर बाकी सगळीकडून काढून एकाच जागी ठेवली होती.

पानावर लिहिलं. रागानं नाही. काय झालं तेवढंच.

बेचाळीस उत्तरं. अकरा जणांनी सांगितलं की इशारा पानावर लाल अक्षरांत आहे. एकानं — "ज्यांना वाचता येत नाही त्यांनी बटणाचा फोन वापरावा." मी वीस वर्षं वाचायला शिकवते!

पण लाल अक्षरं आहेत. जाऊन पाहिलं. तिसऱ्या पानावर. मी ओटमीलच्या यादीवरून चालले, पानावरून नाही. हेही खरं.

२८ ऑगस्ट

ओटमीलचं उत्तर, सगळ्यांसमोर —

"तिनं मला क्रम विचारला होता. मी दुसऱ्या पायरीपासून सांगितला. पहिली, म्हणजे आधी प्रत काढून ठेवणं, आम्हाला इतकी पाठ झाली आहे की दिसतच नाही. चूक तिची नाही, माझी आहे. गेलेलं परत आणता येणार नाही. मला फार वाईट वाटतं."

तीनदा वाचलं. स्वतःची चूक इतक्या सरळ वाक्यांत लिहिलेली मी फार कमी वेळा वाचली आहे. कॉलेजच्या वीस वर्षांत तर नाहीच.



३१ ऑगस्ट

केस्ट्रलनं माफी मागितली नाही. प्रणाली बदलली.

सरांनी दाखवलं. आता कुलूप उघडण्याआधी स्क्रीन थांबते. एक प्रश्न येतो — "या फोनवर असं काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही? इथे लिहा." लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

बदलाच्या नोंदीत कारण दिलंय. "एका वापरकर्तीचं न भरून येणारं नुकसान झालं. चूक आमची होती." माझं नाव नाही. 'आठ'सुद्धा नाही. देश नाही.

गाणी परत आली नाहीत. तरी आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

५ सप्टेंबर

सर म्हणाले होते तसंच. भांडण पेटलं आहे. अर्धे म्हणतात, हा प्रश्न म्हणजे लोकांना लेकरू समजणं. अर्धे म्हणतात, बरं केलं. कुणीतरी ओटमीलचे जुने संदेश उकरून काढले आणि त्याच्या प्रत्येक चुकीची यादी लावली. केस्ट्रलही त्यात उतरला — "यादी देणारेच नुकसान करतात." ओटमीलनं लिहिलं — "सात वर्षं झाली. मी थांबतो."

माझ्यामुळे!

६ सप्टेंबर

सकाळी फिरताना बाबा आठवत राहिले. तांड्याचं कुठलंही भांडण त्यांच्यापुढे आलं की ते आधी दोघांनाही विचारायचे — जेवलास का? जेवला नसेल तर आईला हाक मारायचे. भाकरी खाऊन झाल्याशिवाय कुणाचंही काही ऐकून घ्यायचे नाहीत. अर्धी भांडणं ताटावरच संपायची. बाबांची आई ते लहान असतानाच गेली. ही रीत त्यांनी कुठून आणली, कधी विचारलं नाही. त्यांच्या आधीच्या नायकांची ती नव्हती एवढं नक्की.

घरी आले आणि तसंच लिहून टाकलं, पानावर. "माझे वडील आमच्या वस्तीचे प्रमुख होते. ते भांडणाऱ्याला पहिल्यांदा एवढंच विचारत. केस्ट्रल, ओटमील — तुम्ही जेवलात का?"

पाठवलं आणि लाज वाटली. हे काय लिहून बसले.

७ सप्टेंबर

दोघे-तिघे हसले होते. एकानं लिहिलं, हा स्वयंपाकाचा गट नव्हे.

त्याखाली केस्ट्रल — "सकाळपासून नाही."

त्याखाली पन्नास मिनिटांनी पुन्हा केस्ट्रल — "खाल्लं. ब्रेड आणि अंडी. ओटमील, परवाचं वाक्य मागे घेतो. तुझ्याइतकी उत्तरं इथे कुणी दिली नाहीत. जाऊ नकोस."

त्याखाली ओटमील — "मी सूप तापत ठेवलं आहे. मग बोलू."

मी हसले. एकटीच, मोठ्यानं. शेजारच्या कमलबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "काय झालं मॅडम, लॉटरी लागली का काय?"

१३ सप्टेंबर

पावसाची उघडीप नाही. सोयाबीन पाण्यात उभं. फाट्याकडची बस दोन दिवस बंद.

गटाच्या वागणुकीच्या नियमांत एक नवी ओळ आली आहे. सगळ्यात वर. "वादात पडण्यापूर्वी समोरच्याला विचारा — जेवलास का?" इंग्रजीत. खाली बावीस भाषांत. मराठी माझ्याकडून मागून घेतली.

बाबा कधी विमानात बसले नाहीत.

१९ सप्टेंबर

बालाजी घरी आला. मोटारसायकलवर, भिजलेला. खिशातून प्लास्टिकची पुडी काढली. आत मेमरी कार्ड. नखाएवढं.

"मॅडम, आजीची गाणी."

मला समजेना.

"टॅबमधलं पुसायच्या आधी कापी मारली होती. दुकानाचा नियमच हाय, भिंतीवर लिवलाय — गिऱ्हाइकाचं काई बी असो, पुसायच्या आधी कापी. उद्या येऊन रडलं तर? मी कोणाला दिली न्हाई, लावली बी न्हाई पुन्यांदा. प्रेमानंद सर दुकानात आलते, म्हणले तुमचं समदं गेलं. म्हणून आणली."

देशोदेशींच्या शहाण्यांना आणि मला जी पायरी दिसली नाही, ती फाट्यावरच्या बालाजीच्या भिंतीवर लिहिलेली होती म्हणे. मी त्याला बसवलं. पोहे केले. त्यानं दोनदा घेतले.

"रागवल्या न्हाईत ना?"

"रागावले होते."

"आता?"

"आणखी घे."

आता सगळ्यांचे ईमेल वेगळे काढून देतो म्हणाला. वहीत लिहून, ज्याचं त्याला. "पासवर्ड इसरले तर त्यांचं नशीब!"

२० सप्टेंबर

कार्ड टेबलावर आहे.

फोनवर आता फर्न आहे; तो कुणाला काही सांगत नाही. कार्ड घातलं तर ते फक्त मला ऐकू येईल. ढावलो जपून ठेवायचं माझं काम पूर्ण होईल. तिच्या शेवटच्या बोलण्यात काय होतं तेही कळेल. कुणालाही समजणार नाही की मी ऐकलं. फर्न त्यासाठीच आहे.

मला समजेल, एवढंच.

आठ हा आकडा मी नाव म्हणून घेतला, पण गाणी माझी नाहीत. तिनं एका अटीवर दिली. अट मोडली तेव्हा देणंही मोडलं. मोडक्यावर हक्क सांगता येत नाही. सकाळपासून चारदा कार्ड हातात घेतलं. चारदा ठेवलं.

आता पुडीत घालून, दोऱ्यानं बांधून ठेवलं आहे. उद्या रविवार.

२१ सप्टेंबर, रविवार

जमनाबाई बाजेवर बसली होती. या वेळी तोंड माझ्याकडे. गुलाबसिंग दारात उभा राहिला. पहारा.

पुडी तिच्या हातात दिली. सगळं सांगितलं. माझ्याकडची गेली. एवढी एकच प्रत उरली, ती ही. मी ऐकलेली नाही. जाळा, पाण्यात टाका, ठेवा — तुमची आहे.

तिनं कार्ड तळहातावर घेतलं. डोळ्यांजवळ नेलं.

"एवढुशात मावले मी?"

"व्हय."

"आठी बी?"

"आठी."

गुलाबसिंग म्हणाला, "फेक माय, चुलीत फेक. झंझट मिटली."

"तू गप बस," ती म्हणाली. "तुजं रडणं हाय का ह्याच्यात?" मग माझ्याकडे वळली. "समद्या फाट्यानं ऐकलं. डायवर लोकांनी ऐकलं. च्यावाल्यानं ऐकलं. मीच न्हाई ऐकलं."

 दीड महिना मी माफी मागण्याचे शब्द जुळवत होते. ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

"त्या तुज्या फोनात घाल," ती म्हणाली. "सांगत फिरत न्हाई म्हनं तो आता?"

"न्हाई."

"कोणी केला असा?"

"लांबचे लोक आहेत. नावं सांगत नाहीत."

"शहाणे दिसतात."

गुलाबसिंगला तिनं बाहेर घालवलं. पारुबाई चूल सोडून आली. तिघी बसलो. पहिलं लावलं. आपला आवाज ऐकून जमनाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बकरी वरडून राहिली जणू!" दुसऱ्याला गप्प झाली. तिसऱ्याला मध्येच हात वर केला. "थांबीव. हितं चुकले. आधी मावशी येती, मंग काकी." आणि तिथून पुढे स्वतःच म्हणायला लागली, फोनवरच्या स्वतःला अडवून. पारुबाईच्या गळ्यात हात टाकून. पारुबाई हसत होती ती रडायला लागली.

मी रेकॉर्डिंगच्या बटणाकडे बघितलंही नाही. तिनंच बोटानं दाखवलं. "घे की. मास्तरीण ना तू?"

सात ऐकली. तीन नव्यानं घेतली. आठव्याला नको म्हणाली. "आज दम न्हाई. फुडच्या आईतवारी."

येताना भाकरी बांधून दिली.

२२ सप्टेंबर

ओटमीलला कळवलं — प्रत सापडली, गाणारीला दिली, तिनं गाणी पुन्हा मला दिली. त्याचं उत्तर एकच ओळ. "आज आमच्याकडे कुणी कुणाशी भांडलं नाही. बातमी वाचत बसले होते."

केस्ट्रलनं खाली फक्त लिहिलं, "छान." सर म्हणतात, हा त्याचा विक्रम आहे.

या सगळ्यांची ऋणी आहे. बालाजीचीही. या वहीपलीकडे ते कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

२८ सप्टेंबर, रविवार

आठवं ऐकलं. गाणं संपलं, तिचं बोलणं सुरू झालं. मी फोन तिच्या हाती देऊन उठायला लागले. तिनं मनगट धरलं. "बस. तुज्यासाठीच बोलले व्हते. तोंडावर बोलता येईना, म्हणून पाण्याला धाडलं."

त्यात कुणाचं नाव नाही. तिच्या माहेरच्या तांड्यावरचा एक पोरगा आहे. आई नसलेला. येईल त्याच्याशी भांडणारा. सगळे त्याला मारायचे. ही त्याला एवढंच विचारायची — जेवलास का? आणि ओटीतली भाकरी द्यायची. मग तो गप्प व्हायचा. "मी नांदाया गेले. मागं त्याला कोणी इचारलं असंल का?"

फाट्यावर कुणाला काही कळलं नसणार.

मी सांगितलं — बाबांनी जन्मभर सगळ्यांना विचारलं. मग दुसरंही सांगितलं, हात जोडून. तिचे ते दोन शब्द मी तिला न विचारता लांबच्या त्या भांडणाऱ्या लोकांना बावीस भाषांत देऊन बसले आहे. ते आता पुसता येणार नाहीत.

तिनं फोन पदरानं पुसून माझ्या हाती दिला.

"मंग?" म्हणाली. "जेवले का ते?"